मागे ठेवलेलं घुंगरू

१

रुमालाची गाठ जशीच्या तशी होती. आतला चेंडू तेवढा नव्हता.

तोवाकोनं रुमाल झटकला, पिशवी उलटी केली, गाद्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. रुमालातून पडली ती एक कागदाची पुडी, नीट चौघडी घातलेली. पुडीत पितळेचं घुंगरू होतं, करंगळीच्या नखाएवढं. त्याला लाल दोऱ्याचं टोक अजून चिकटलेलं होतं, कात्रीनं सफाईनं कापलेलं.

"अहो, माझा चेंडू कुठंय?"

"कुठला चेंडू?" तिचा नवरा, सोईची, शेगडीवरच्या दांडीला कोट अडकवत होता. त्यानं मान वळवली नाही.

"कुठला म्हणजे? असे किती चेंडू आहेत माझे?"

खाली रस्त्यावर साखरेच्या गोळ्यांच्या जत्रेचे ढोल वाजत होते. मात्सुमोतो गावातला जानेवारीचा दिवस लवकर विझला होता, आणि दुकानांच्या कंदिलांचा उजेड कागदी खिडकीवर लाल-पिवळा हलत होता. थंडीतली दोन रात्रींची सुट्टी, एवढंच दोघांचं ठरलं होतं. तोक्योहून आगगाडीनं यायचं, जत्रेत हिंडायचं, गरम पाण्यात डुंबायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं.

पण तोवाकोनं सामानात चेंडू घेतला होता.

भाताच्या तुसाच्या गोळ्यावर रेशमी दोरे गुंडाळून केलेला, अंगभर शेवंतीची फुलं विणलेला, लाल दोऱ्यानं एक घुंगरू बांधलेला. तिच्या माहेरच्या घरात लेक सासरी निघाली की आई असा चेंडू करून द्यायची. तोवाकोला तो पोस्टानं आला होता, चिठ्ठीविना. आई लग्नाला आली नव्हती, कारण तिला बोलावलंच नव्हतं. वडील गेल्यावर आईनं धाकट्या मिनेओला जवळ ठेवलं आणि तोवाकोला तोक्योच्या मामाकडे धाडलं. स्टेशनवर आई खांबासारखी उभी होती. तिनं हातसुद्धा हलवला नव्हता. आईचं आठवत होतं ते एवढंच, आणि चेंडू विणताना ती गुणगुणायची त्या गाण्याची पहिली ओळ:

*एक टाका उगवतीला, एक टाका मावळतीला...*

पुढची ओळ काही केल्या आठवत नसे.

ती आई याच गावात, नदीपलीकडे राहत होती. या वेळी जायचं, चेंडू तिच्या पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचं, घे, तुझा तुला. मग काय होईल ते होवो. काल गाडीतून उतरल्यावर वाटलं, उद्या जाऊ. आज सकाळी वाटलं, जेवून जाऊ. जेवल्यावर ती खालच्या बैठकीत, गोधडी पांघरलेल्या उबदार टेबलाखाली पाय घालून बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला. ती घोरत असताना कुणीतरी वर येऊन गेलं होतं.

"आता तिच्या दारात कुठल्या निमित्तानं जाऊ मी?" ती म्हणाली. कुठल्या तोंडानं, असं म्हणायचं होतं.

सोईची कोटाची बाही सरळ करत राहिला.

"आणि तो कोट झटका तरी. खांद्यावर बर्फ घेऊन आलात."

त्यानं घाईघाईनं कोटाचे खांदे झटकले. पांढरे कण शेगडीच्या झाकणावर पडले आणि तडतडले.

२

"पोलीस नकोत हो," सराईची मालकीण मोमोसेबाई हात जोडून म्हणाली. "ऐन जत्रेत दाराशी गाडी उभी राहिली तर माझी अब्रू जाईल. आणि पोलीस हवेतच कशाला? घरातच बसलेत की."

ती बोलत होती हतानोबाईंबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या, एका गुडघ्यानं अधू. उभा जन्म चोऱ्यांचा तपास करण्यात गेला होता, आणि निवृत्त झाल्यापासून दर वर्षी जत्रेच्या गोळ्या खायला याच सराईत उतरत. सकाळी तोवाको आणि सोईची देवळात निघाले तेव्हा त्याही काठी टेकत बरोबर आल्या होत्या. आता त्या गोधडीत पाय घालून बसल्या होत्या, आणि गालात गोळी होती. पुढ्यातल्या कागदी पिशवीवर पुलाजवळच्या दुकानाचं चित्र होतं.

"दात राहिलेत चार आणि गोळ्या घेतल्यात शेरभर," त्या म्हणाल्या. "बस, मुली. वर कोण कोण गेलं दुपारी?"

"मी सांगते," मोमोसेबाई म्हणाली. "वर दोनच खोल्या. एक ह्यांची, एक किरिहाराबाईंची. किरिहाराबाई जेवून वर गेल्या त्या संध्याकाळी उतरल्या. हे साहेब जेवण झाल्यावर एकदा वर गेले, कोट घालून आले नि बाहेर पडले. मी स्वयंपाकघरात. माझ्यावर संशय असेल तर पिठाचे डबेसुद्धा उघडून दाखवते."

"तुझे डबे मी उघडणारच आहे, पण चोरीसाठी नाही," हतानोबाई म्हणाल्या आणि सोईचीकडे वळल्या. "तुम्ही कुठे होतात?"

"गोळ्यांच्या रांगेत." सोईचीनं घसा साफ केला. "त्या पुलाजवळच्या दुकानी. माझा नंबर येईपर्यंत संपल्या."

हतानोबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "हं. वाईट झालं."

मग त्यांनी घुंगरू हातात घेतलं, दिव्यापाशी धरलं, कानाशी हलवलं. एवढासा जीव, पण आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"कात्री?"

"खोलीतल्या शिवणाच्या डबीत असते," मोमोसेबाई म्हणाली. "दोन्ही खोल्यांत ठेवलीय."

"भिंती कागदाच्या, जिना कुरकुरणारा, आणि चेंडू असा बोलका. नेणारानं आधी त्याची जीभ कापली." हतानोबाईंनी मान हलवली. "चेंडू कुणी पाहिला होता?"

तोवाकोला एकदम आठवलं. काल जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीतल्या किरिहाराबाईंनी तो हातात घेऊन किती वेळ फिरवला होता! जुन्या वस्तूंचं दुकान होतं त्यांचं. 'असं काम आता होत नाही,' त्या म्हणाल्या होत्या. 'विकणार असाल तर आधी मला सांगा.'

त्याच वेळी दार सरकलं आणि किरिहाराबाई आत आल्या.

"काय गं, सगळे असे मयताला बसल्यासारखे का बसलाय?"

"माझा चेंडू तुम्हीच घेतलात," तोवाको म्हणाली.



३

किरिहाराबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर गेल्या आणि आपली प्रवासाची पिशवी घेऊन खाली आल्या. सगळ्यांसमोर ती चटईवर ठेवून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. काळा लोकरी कोट. दातांची कवळी ठेवायची डबी. रफू केलेले पायमोजे. जत्रेतली नवसाची लाल दारूमा बाहुली, नातवासाठी. आतले कपडे. तळाशी एका माणसाचा फोटो, कडा झिजलेल्या. तो त्यांनी पालथा ठेवला.

"किरिहाराबाई, राहू द्या," मोमोसेबाई काकुळतीला आली.

"का म्हणून? पाहू द्या की ह्यांना." त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. बाहेर पडला तो केसांचा एक आकडा. "जुनं विकत घेते मी, चोरत नाही. तोक्योच्या बाईसाहेब, अजून कुठे शोधायचं? अंगावरचं उतरवू?"

तोवाकोला चटईत तोंड लपवावंसं वाटलं. "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून तिनं सोईचीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा चुन्यासारखा. 

किरिहाराबाईंनी वस्तू परत भरल्या, पालथा फोटो सगळ्यांत शेवटी, आणि जेवायच्या आधीच वर निघून गेल्या. लोणच्याची वाटी, वाफाळता शेवयांचा कटोरा तसाच राहिला. सोईचीनंही घास घेतला नाही. तोवाकोला वाटलं, आपल्या वागण्याची त्याला लाज वाटली असणार. काल रात्रीही तो असाच उठला होता. कचेरीतून फोन आला म्हणून बर्फात जाऊन उभा राहिला, आणि परत आल्यावर जेवला नाही.

हतानोबाई मात्र कटोरा संपवून घुंगराकडे पाहत बसल्या होत्या. उठताना त्या एवढंच म्हणाल्या,

"मुली, मी आज चुकले. आणि माझ्या चुकीनं तुझ्या हातून पाप घडलं. सकाळी चहाच्या आधी खाली ये. एकटी."

४

सकाळी बर्फ थांबलं होतं. हतानोबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. आज त्यांच्या गालात गोळी नव्हती.

"घुंगरू वाजू नये म्हणून कापलं, असं मी म्हटलं," त्या म्हणाल्या. "मूर्खपणा. वाजू नये तर मुठीत धरावं, फटीत कापूस घालावा. किरिहारा तर त्याला कात्री लावणंच शक्य नाही, अर्धी किंमत तिथेच जाते. आणि मला सांग, चोर कधी पुडी बांधून काही मागे ठेवतो? जाताना रुमालाला गाठ मारतो?"

"नाही."

"नेणाराला चेंडू हवा होता. पितळ नको होतं. आणि ते पितळ तुझं तुला राहावं, ही काळजीही होती त्याला. आता शांतपणे विचार कर. रेशीम चालतं, तूस चालतं, धातू चालत नाही, अशी जागा कुठली?"

तोवाकोला उत्तर माहीत होतं. मामा गेला तेव्हा त्याच्या उशाशी पत्त्यांचा जोड ठेवला होता, आवडती टोपी ठेवली होती, आणि चष्मा मात्र मामीनं रडत रडत काढून घेतला होता. काच आणि धातू अग्नीत देत नाहीत.

"शवपेटी," ती म्हणाली.

"हं. पुलाजवळच्या दुकानी काल गोळ्या संपल्या नव्हत्या. अंधार पडताना मीच घेतल्या. तुझा नवरा त्या रांगेत नव्हता."

"म्हणून काय ते..."

"काल सकाळी देवळात लाल कमानीखालून तू गेलीस, मी गेले. तो?"

"बाजूनं गेला. कमानीखालचं बर्फ घट्ट झालंय, पाय घसरतो म्हणाला."

"माझा गुडघा मोडका. मी तिथूनच गेले, घसरले का? देवळातली प्रसादाची दारूही त्यानं घेतली नाही. सुतक असलेला माणूस कमानीखालून जात नाही, मुली. हे तुला मी सांगायचं?"

माहीत होतं. तोवाकोला सगळं माहीत होतं. तिनं पाहिलंच नव्हतं. ती पूर्ण वेळ नदीच्या दिशेला पाठ करून चालत होती, आणि तेवढंच सांभाळण्यात तिचं सगळं लक्ष गेलं होतं.

मग तिला तो आवाज आठवला. शेगडीच्या झाकणावर पडलेले पांढरे कण. तापल्या लोखंडावर बर्फ पडलं तर चरचरतं आणि त्याची वाफ होते. ते कण तडतडले होते.

"त्यांच्या खांद्यावर..." तिचा आवाज चिरकला. "मीठ होतं." आणि लगेच, बुडत्या माणसासारखी, "पण गोळ्यांच्या आधी ही जत्रा मिठाचीच होती! जुन्या लढाईत शत्रूनं मीठ धाडलं म्हणून तर ही जत्रा भरते. सगळीकडे मीठच असतं."

"असतं. पुडीत. खांद्यावर मीठ कोण टाकून घेतं?"

मयताच्या घरून परतणारा. उंबरठा ओलांडण्याआधी.

हतानोबाईंनी तिच्या तळहातावर घुंगरू ठेवून बोटं मिटवली. "मयत कुणाचं ते मी सांगणार नाही. या गावात आधी अग्नी देतात, मग प्रार्थना करतात. आणि सकाळीच निघतात. पळ."

५

सोईची खोलीत तयार होऊन बसला होता. कोटाच्या खिशातून काळ्या टायचं टोक डोकावत होतं.

"कधी?" तोवाकोनं विचारलं.

"परवा रात्री. आपण जेवत होतो तेव्हा मिनेओचा फोन आला." त्यानं नजर चुकवली नाही. "ती आजारी असल्याचं त्यानं मला आधी कळवलं होतं. म्हणून तर हे गाव निवडलं. वाटलं, इतक्या जवळ आलीस की जाशील."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? माझी आई मेली आणि तुम्ही मला देवळात फिरवलंत? भजी खायला घातलीत?"

"तूच वदवून घेतलं होतंस." तो अगदी हळू बोलत होता. "मिनेओचा पहिला फोन आला त्या दिवशी. मुळा किसत होतीस. म्हणालीस, त्या घरात कुणी मेलं तरी मला कळवायचं नाही, सगळं उरकल्यावर सांगा. तीनदा वदवून घेतलंस. मी हो म्हटलं."

तिला मुळा आठवला. किसणीला खरचटलेलं बोट आठवलं. बोललेलं मात्र आठवत नव्हतं. रागात किती बोलत असे ती, आणि हा माणूस ते सगळं जपून ठेवत होता.

"इतकं खरं धरायचं असतं का माझं?"

"तुझं काय खरं धरायचं आणि काय नाही, हे मला अजून कळत नाही, तोवाको."

ती त्याच्यासमोर चटईवर बसली.

"मिनेओ म्हणाला, शेवटी शेवटी आई हात असे हलवायची." सोईचीनं हवेत गोल गोल दोरा गुंडाळून दाखवला. "वाटलं, तू नाहीस तर तुझं काहीतरी तिच्या हातात असू दे. आल्यावर सांगणार होतो. मग तू किरिहाराबाईंना बोललीस, आणि माझी जीभच उचलेना. माझ्यादेखत त्या बाईची पिशवी उपसली गेली आणि मी बघत राहिलो. तुझ्यापेक्षा मोठा अपराधी मी आहे."

खाली दाराशी किरिहाराबाई बूट चढवत होत्या, पहिल्या गाडीनं निघालेल्या. तोवाको पायऱ्यांवरून धडपडत उतरली आणि ओल्या फरशीवर तिनं कपाळ टेकलं. 

"माझं चुकलं. चेंडू माझ्या आईकडे आहे. माझी आई गेली."

किरिहाराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. जत्रेसाठी हौसेनं घेतलेला लालभडक कोट होता तिच्या अंगावर.

"आणि हा घालून निघालीस?" त्या म्हणाल्या. त्यांनी आपला काळा कोट उतरवला आणि तिच्या खांद्यावर टाकला. "लाल तो इकडे दे. गाडीत ऊब असते, मी मरत नाही. पोस्टानं परत पाठव. आणि घुंगरं-बिंगरं कापू नकोस त्याची, महाग आहे."

नदीवरचा पूल दोघांनी जवळजवळ धावतच ओलांडला. घरासमोर गाडी उभी होती, मागचं दार उघडं. तोवाको उंबरठ्यात थबकली. आतून मिनेओ आला. केस पांढरे, पण कान तेच, बाहेर आलेले.

"ताई," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

पेटीवर अजून झाकण आलं नव्हतं. पांढऱ्या फुलांत आई केवढीशी दिसत होती! स्टेशनवरचा तो खांब एवढासा होता? तिच्या दोन्ही हातांमध्ये चेंडू होता. जिथून घुंगरू कापलं होतं तिथून लाल दोऱ्याचं टोक मोकळं लोंबत होतं.

तोवाकोनं मूठ उघडली. "हे नाही का ठेवता येणार? हे एवढंसं?"

"धातू चालत नाही गं." मिनेओनं नाक पुसलं. "तुझंच आहे ते. लहानपणच्या लाल चपलांतलं, आईनं काढून चेंडूला बांधलेलं. तू गेलीस तेव्हा एक चप्पल इथेच राहिली होती. मागच्या दारी कुठे घुंगरू वाजलं की आई म्हणायची, बघ रे, तोवाको आली असेल."

तोवाकोनं घुंगरू आईच्या कानाशी नेलं आणि हलवलं. एकदा. मग पुन्हा.

"आले गं," ती म्हणाली. "उशीर झाला."

 आतल्या खोलीत कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. झाकण घेऊन माणसं दाराशी उभी होती, घाई न करता. तोवाकोनं चेंडूचं लाल टोक हळूच ओढलं. दोरा मऊपणे उलगडत आला, वीतभर, हातभर. तिनं तो आपल्या करंगळीला गुंडाळला, गाठ मारली, आणि तेव्हा कुठे ती ओळ आली. आठवली म्हणावं तर तसं नव्हतं. बोटांतूनच वर आल्यासारखी आली.

*एक टाका उगवतीला, एक टाका मावळतीला,*
*गेला चेंडू दूर तरी दोरा माझ्या बोटाला.*

झाकण बसलं तेव्हा दोरा फटीत अडकला आणि ताणला गेला. मिनेओनं कात्री पुढे केली. तोवाकोनं ती घेतली, पण कापायला तिचा हात धजेना. शेवटी सोईचीनं तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तो कापला.